भेटीच्या खोलीतले हिरवे हीटर

सँ-विल्फ्रीद, ९ सप्टेंबर २०१६

सोलाँज,

नावाआधी 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरून नाही, ठरवून. एकतीस वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना तो शब्द हातातून उतरत नाही, आणि उतरत नसेल तर ओढून लिहू नये.

कामापुरतंच लिहिते. शनिवारी आपल्या कॉन्व्हेंटच्या व्यायामशाळेत सामानाची विक्री होती. इमारत गेली, आता तिथे फ्लॅट होणार. उरलेल्या नन्स आल्मा गावच्या वृद्धाश्रमात आहेत; त्यातल्या तिघींना इमारत विकल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. मी गेले होते सूप वाढायच्या त्या मोठ्या पळीसाठी. पोचेपर्यंत ती कुणीतरी उचलली होती. रिकाम्या हाताने बाहेर आले, तर तुझे मेहुणे वियातर गाडीच्या हौद्यात हीटर चढवत होते. भिंतीच्या पायथ्याशी बसवतात ते लांबट, विजेचे. सहा नग. हिरवे.

सगळ्या कॉन्व्हेंटमध्ये हिरवे हीटर एकाच खोलीत होते. लहानपणी जिथे रविवारी आपले आईवडील भेटायला यायचे, आणि पुढे जिथे तू पियानो शिकवायचीस, त्या भेटीच्या खोलीत. पडद्यांना शोभावेत म्हणून नन्सनी ते ब्रशने रंगवले होते. ओनिल त्या दिवशी जेवला नव्हता. "हीटर रंगवतात का कुणी, चर्चची वेदी आहे का ती," म्हणाला होता.

मी वियातरना विचारलं, "एवढे कुणासाठी?"

"सोलाँजसाठी. आली ना ती कायमची. माझ्याकडेच आहे, तळ्याच्या पलीकडे. तुम्हाला ठाऊक नाही, मादाम ओनिल?"

मला ठाऊक नव्हतं, हे मी त्यांना कळू दिलं नाही. "ठाऊक आहे की," म्हटलं. "तब्येत कशी आहे तिची?"

"पियानोसारखी. जुनी, पण सुरात."

तू परत आलीस हे मला गावातल्या एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. म्हणजे आपल्यात काय झालं ते गावाला अजून आठवतंय. असो.

मुद्दा असा, की ते हीटर बसवू नकोस. ओनिल सव्वीस वर्षं त्या इमारतीचा इलेक्ट्रिशियन होता, आणि मी त्याची बायको, म्हणून सांगते. जुने हीटर कुठे कसे राबलेत ते वरून दिसत नाही. आतल्या पात्यांमध्ये वर्षानुवर्षांची धूळ असते, तारांवरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि हे तर रंग फासलेले. नवे घे. दुकानात सगळ्या मापांचे मिळतात, आणि नवे बसवलेस तर तुझं काही कमी होणार नाही.

याहून जास्त कारण द्यायची गरज मला वाटत नाही.

फेर्नांद


२७ सप्टेंबर

सोलाँज,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'वियातरने एकेक हीटर लावून पाहिला, छान तापतात. काळजीबद्दल आभार. तू अजून वर्गाची मॉनिटरच आहेस.' कार्डावर निळ्या ब्लूबेरींची टोपली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकल्यासारखं. मदर माझं अक्षर वर्गाला दाखवायच्या आणि तुझं अक्षर स्वतःशी ठेवायच्या. तुला ते कधी कळलं होतं का?

मला सगळं आठवतं. रविवारी दुपारी घरी पत्रं लिहायचो, आणि पाकीट न चिकटवता टेबलावर ठेवायचो, कारण मदर ती वाचणार. मी लिहायचे, 'आई, इथे सगळं छान आहे.' तू लिहायचीस, 'आई, रात्री गाद्या इतक्या गार असतात की मी फेर्नांदच्या अंथरुणात पाय घालते.' मदर हसायच्या आणि ते तसंच जाऊ द्यायच्या. माझ्याकडून आलं असतं तर खोडलं असतं. ते पाय मात्र खरोखर फार गार असायचे, सोलाँज. बर्फाचे तुकडे. मी कधी ओरडले नाही.

आता हीटरबद्दल. 'छान तापतात' हे काही प्रमाणपत्र नाही. हीटरची परीक्षा त्याच्या तापण्यात नसते, थांबण्यात असते. प्रत्येक हीटरच्या पोटात, पात्यांच्या वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक तांब्याची नळी जाते. तिच्या टोकाला कटआउट असतो. समोर खुर्ची आली, वर टॉवेल पडला, पडदा टेकला, की आतली गरम हवा कोंडते, आणि नळीला ते कळतं. खट्ट आवाज होऊन वीज तुटते. गार झाला की पुन्हा सुरू. ओनिल म्हणायचा, आपण रात्री झोपतो ते त्या खट्टच्या भरवशावर.

म्हणून बसवायच्या आधी प्रत्येक हीटर उघडून तो कटआउट पाहायला हवा. वियातरनी नाही. वियातर भले माणूस आहेत, कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढली आहेत, पण त्यांना विजेचं काम येतं ते आपल्याकडच्या सगळ्या मेहुण्यांना येतं तसं. ज्या घराला मेहुणा आहे तिथे इलेक्ट्रिशियन बोलवायचा म्हणजे मेहुण्याचा अपमान. कायद्याने आपल्या घरातली एक तारसुद्धा आपण जोडू शकत नाही, आणि तळ्याभोवतालची अर्धी घरं मेहुण्यांनी जोडलेली आहेत.

जोझियानला बोलाव. ओनिलच्या हाताखाली शिकली, आता तिचं स्वतःचं लायसन आहे. मी तिच्याशी बोलू का?

एक विचारायचं राहून जाईल म्हणून विचारते. चार वर्षांपूर्वी ओनिलच्या अंत्यविधीला तू आली नाहीस, पांढरी फुलं पाठवलीस. एवढी फुलं, की माझ्या स्वतःच्या हाराला शवपेटीवर जागा उरली नाही. खाली ठेवावा लागला. तुला तिकडे दूर रिमूस्कीत बसून ते दिसणार नव्हतं, हे मला समजतं.

फेर्नांद


१५ ऑक्टोबर

सोलाँज,

काल मी येऊन गेले, हे वियातरनी तुला सांगितलं असेलच. तू चष्म्याच्या कामासाठी आल्माला गेली होतीस. मला ते माहीत होतं, म्हणूनच काल आले. हे खरं लिहून टाकते.

सोबत तुर्तिएर आणली होती, कोंबडी आणि हरणाचं मांस भरून भाजलेली. वियातरनी दारातच झाकण काढून वास घेतला. "मादाम ओनिल, हे तुम्ही सोलाँजसाठी आणलंय की माझी चौकशी करायला?"

"हीटर बघायला आलेय."

"मग जेवूनच बघा. साक्षीदाराला लाच हवीच."

मग त्यांनी तुझी खोली दाखवली. मी दारात थबकले. पियानो खिडकीकडे तिरका, स्टूल, वर लाकडी क्रूस, आणि खिडक्यांना ते पडदे. गडद हिरवे, मखमली, जमिनीवर वीतभर लोळणारे. मला वाटलं होतं, ते केव्हाच उंदरांनी संपवले असतील.

"विक्रीतच मिळाले," वियातर म्हणाले. "माळ्यावर कापूर घालून ठेवले होते. सोलाँज म्हणाली, हीटर आहेत तर पडदेही हवेत. बिशपच्या आईने दिलेले आहेत म्हणे, कापायचे नाहीत."

सोलाँज, तू ती खोलीच पुन्हा उभी करते आहेस. तुझ्या खोलीच्या दारात मी जशी उभी होते, तशीच एकदा त्या जुन्या खोलीच्या दारातही उभी होते. ते नंतर सांगेन, किंवा नाही सांगणार.

मी विचारलं, "सहाही हीटर एकाच लाइनवर आहेत का?"

"आधी पाचच होते. सहावा लावला की ब्रेकर पडायचा."

"आणि आता सहा दिसतायत."

"मोठा ब्रेकर घातला. आता पडत नाही."

"वियातर, ब्रेकर मोठा केला म्हणून भिंतीतली तार जाड होत नाही."

"अहो, तार काय, माणूस काय, थोडी सवय केली की होते."

"आणि कटआउट पाहिलात?"

"उघडतोय कोण, रंगाने स्क्रू बुजलेत. तापतायत ना मस्त? बसा तुम्ही, कॉफी घ्या. ओनिल असते तर त्यांनीही माझी पाठ थोपटली असती."

ओनिल असता तर त्याने तुमच्या हातातला पाना काढून घेतला असता, असं माझ्या अगदी ओठावर आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्यही आलं, जे मला एकतीस वर्षं येतं. दोन्ही गिळली. मी पियानोच्या स्टुलावर बसून कॉफी घेतली. मला पियानो कधी आला नाही. मदर म्हणायच्या, फेर्नांदची बोटं प्रामाणिक आहेत. असं कशा बोटांबद्दल म्हणतात ते आपल्याला दोघींनाही माहीत होतं.

परत येताना जोझियानकडे थांबले. सगळं विचारलं, फक्त तुझं नाव घेतलं नाही.

"कुणाकडे आहेत असे हीटर, मादाम?"

"कुणाकडे नाहीत. विचारते आपली."

"तुम्ही आपलं म्हणून कधी काही विचारत नाही. ऐका, इतका जुना हीटर मी बसवत नाहीच. पण कुणी बसवलाच असेल आणि पुढ्यात पडदा असेल, तर सगळा जीव त्या कटआउटमध्ये. कटआउट नसेल तर पडद्याला फक्त वेळ लागतो."

"किती वेळ?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मादाम, कुणाकडे आहेत?"

मी म्हटलं, उशीर झाला.

पडदे काप, सोलाँज. गुडघ्यापर्यंत काप. बिशपच्या आईला जाऊन साठ वर्षं झाली. हीटर मुळीच लावू नकोस, आणि मेहरबानी करून मला का म्हणून विचारू नकोस.

फेर्नांद


३ नोव्हेंबर

सोलाँज,

काल फोनवर तू म्हणालीस, "एकतीस वर्षांत पहिला फोन, आणि 'हॅलो'च्या जागी 'ब्रेकर पाड'?"

मी म्हटलं, "पाडलास का?"

"कारण सांगशील?"

"पत्रात लिहिते."

"फोनवर सांगायला काय होतं?"

"फोनवर तुझा आवाज येतो."

मग तुझी पावलं जिना उतरून गेली, परत आली. "पाडला. पण शनिवारी माझा पहिला तास आहे, फेर्नांद, चार जणी शिकायला येतायत, चौघी आपल्याच वयाच्या, चौघींनाही संधिवात. तोवर कारण आलं नाही तर पुन्हा चढवीन."

म्हणून हे पत्र आज पोस्टात नाही टाकत, जोझियानच्या हाती देते. ते वाचून झालं की तिला आत घे.

काल सकाळी मी स्मशानात गेले होते. मृतांचा दिवस म्हणून. परतताना दुकानात वियातर भेटले, म्हणाले, रविवारपर्यंत उणे वीस होणार, तेव्हा सोलाँज आत्तापासूनच खोली तापवून ठेवते आहे, दिवसरात्र, पडदे ओढून. मी हातातली पिशवी तिथेच काउंटरवर ठेवली आणि फोन शोधला. पिशवी अजून तिथेच आहे.

आता कारण.

त्या हिरव्या हीटरांमध्ये कटआउट चालत नाहीत. बिघडले म्हणून नाही. ओनिलने ते डायरेक्ट केले आहेत. कटआउट बाजूला ठेवून तिथे सरळ तार जोडली आहे. हे हीटर तापत राहतात, थांबत नाहीत.

हे १९८५च्या जानेवारीतलं. तू भेटीच्या खोलीत गुरुवारी धडे द्यायचीस, आणि पडदे हीटरवर लोळायचे, म्हणून दर दहा मिनिटांनी खट्ट होऊन खोली गार पडायची. ओनिलने मदरना तीनदा सांगितलं, पडदे कापा. मदर तीनदा म्हणाल्या, बिशपची आई. तुझी बोटं निळी पडायची. हे मला ओनिलने सांगितलं, जेवताना. म्हणाला, "सोलाँजची बोटं निळी होतात." तो 'मादमोआझेल' म्हणायचा सगळ्याच शिक्षिकांना. तुला नावाने म्हणाला.

एका गुरुवारी तो डबा विसरला, म्हणून मी घेऊन गेले. भेटीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ओनिल गुडघ्यांवर बसून पडदे दोरीने वर बांधत होता, एकेक, नीट गाठ मारून, आणि तू पियानोकडे पाठ करून दोन्ही हात हीटरवर धरून उभी होतीस. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुम्ही बोलत असतात तर मी आत आले असते. मी डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि निघाले.

त्या संध्याकाळी त्याने स्वतःच सांगितलं. "कटआउट डायरेक्ट केलेत. कुणाला बोलू नकोस, लायसन जाईल. धड्याच्या आधी मी पडदे बांधतो, धडा संपला की वीज बंद करून सोडतो. धोका नाही."

आता आमच्या घरचं ऐक. आमच्या स्वयंपाकघरातला हीटर अख्खा हिवाळा खटखट करायचा. मी आईची लाकडी पेटी त्याच्यापासून वीतभर ठेवली होती, ती त्याने हातभर सरकवायला लावली. हीटरजवळ मोजेसुद्धा वाळवू दिले नाहीत. मी म्हणायचे, "ओनिल, पाय गोठतात माझे." तो म्हणायचा, "कटआउट आहे म्हणून आपण आहोत, फेर्नांद. स्वेटर घाल." आणि मी घालायचे. नियम माझ्या वाट्याला, ऊब तुझ्या. ज्या माणसाने आयुष्यात एक स्क्रू तिरका बसवला नाही, त्याने तुझ्या दहा बोटांसाठी लायसन पणाला लावलं. त्याने तुला कधी हात लावला नाही, हे मला माहीत आहे. लावला असता तर मला भांडता आलं असतं.

म्हणून मी दुसरंच काहीतरी केलं. मदरकडे गेले आणि एवढंच म्हटलं, "गुरुवारचे धडे हल्ली फार लांबतात, मदर." एक वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. जूनमध्ये तुझी नेमणूक पुढे चालू ठेवली नाही, आणि तू रिमूस्कीला गेलीस. तू निरोप घ्यायला आलीस तेव्हा मी घरातच होते, जिन्यावर बसून होते. तू दोनदा बेल वाजवलीस.

तू गेल्यावर मी त्याला म्हटलं, "आता तरी कटआउट परत जोड." "जोडतो," म्हणाला. पुढच्या वर्षी पडदे उतरवून माळ्यावर गेले, धोका उरला नाही, आणि त्याने ते कधीच जोडले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. मला ठाऊक होतं, तो का जोडत नाही.

नऊ सप्टेंबरलाच मी हे सगळं लिहू शकले असते. दोन महिने धूळ, रंग, मेहुणे, पडदे, काय काय लिहीत बसले. कारण हे सांगायचं, म्हणजे तुझ्या हातात ठेवायचं की त्याने तुझ्यासाठी काय केलं. तुला ते माहीत नसेल, याच्याच भरवशावर मी इतकी वर्षं काढली. तू जळून गेली असतीस तरी मी सांगितलं नसतं, असं नाही. पण दोन महिने नाही सांगितलं, हे खरं आहे, आणि त्या दोन महिन्यांत त्या खोलीत सहा हीटर चालू होते.

जोझियान दारात उभी असेल. तिला आत घे.

फेर्नांद


२४ नोव्हेंबर

सोलाँज,

जोझियान परवा येऊन सगळं सांगून गेली. सहापैकी चार डायरेक्ट केलेले निघाले, जुन्या खोलीत पडद्यांमागे असायचे ते चार. दोन ओढलेल्या पडद्यांच्या कडा आतल्या बाजूने तपकिरी झाल्या होत्या, बोट लावलं तर भुगा पडत होता. हे सांगताना ती माझ्याकडे न पाहता कॉफी ढवळत होती. मग म्हणाली, "मास्तरांचंच काम, मादाम. स्क्रू काढल्या काढल्या ओळखलं. इतकं नीट केलेलं चुकीचं काम मी दुसरं पाहिलं नाही." नवे हीटर बसले, दोन लाइन वेगळ्या झाल्या, ब्रेकर मापाचा आला, आणि वियातर रुसून दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी तिलाच गाडीचा दिवा बघायला बोलावलं, हेही कळलं. पडदे तू गुडघ्यापर्यंत कापलेस. बरं केलंस.

तुझं पत्र मिळाल्याला आठ दिवस झाले. तीन ओळींचं कार्ड पाठवणारी तू, चार पानं लिहिलीस. मदरला मी सांगितलेल्या वाक्याबद्दल तू एवढंच लिहिलंस, 'ते मला तेव्हाच कळलं होतं, मदरच्या तोंडून तुझं व्याकरण ऐकू आलं.' राग आहे की नाही ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

पण तिसऱ्या पानावरचा मजकूर मी रोज वाचते. 'पडदे बांधताना ओनिल दर गुरुवारी म्हणायचे, फेर्नांदने सांगितलंय, तुमचे हात गार पडू देऊ नका. मला वाटायचं, ती ऊब तू पाठवतेस. लहानपणी अंथरुणात पाय घेत होतीस तशीच. म्हणून तर तू बोलणं का टाकलंस, ते मला आजपर्यंत उमगलं नाही. तू तसं सांगितलं होतंस ना, फेर्नांद?'

आठ दिवस मी आठवून पाहिलं. भांडी घासताना, सूप ढवळताना, चर्चमध्ये. कधीतरी, एखाद्या संध्याकाळी, पाठमोरी असताना, माझ्या तोंडून सहज गेलं असेल का, की सोलाँजच्या बोटांचं काहीतरी बघ. गेलं असतं तर किती बरं झालं असतं. 'हो' असं एक अक्षर लिहिलं की तुझी एकतीस वर्षं मला परत मिळतात, आणि ओनिलही मला परत मिळतो, सबंध. खोटं ठरवणारं कुणी उरलेलं नाही.

मी तसं म्हटलं नव्हतं, सोलाँज. जेवताना तो तुझ्या बोटांबद्दल बोलला, तेव्हा मी म्हटलं होतं, "तिला हातमोजे नाहीत का?" एवढंच. मग मी मीठ मागितलं.

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे एक वाक्य सोडून. ते त्याने माझ्या नावाने सांगितलं, कारण माझ्या नावाने दिलं की तू घेतलं असतंस, आणि त्याला देता आलं असतं. मला त्याचा राग यायला हवा. आठ दिवसांत तोही नीटसा आला नाही. असं वाटतं, की ते वाक्य मी म्हणावं असं त्याला वाटत असेल. दर गुरुवारी घरी आला की माझ्याकडे पाहत असेल, आज तरी ही म्हणते का.

पाकिटातून तू दोन तारा पाठवल्यास. जोझियानने काढलेल्या चारांपैकी. बोटभर लांबीच्या, दोन्ही टोकं सारखी सोललेली, सारखी वळवलेली. सोबत लिहिलंस, 'दोन तुझ्या, दोन माझ्या.' तुझ्या जागी मी असते तर एकही पाठवली नसती, हे कबूल करते. तुझ्या मनाचा मोठेपणा मला लहानपणापासून सहन होत नाही.

मी त्या खिडकीत ठेवल्या आहेत. येता-जाता हातात घेते. वाटणी बरोबर आहे, मला मान्य आहे. तुझ्या तू ठेव, त्या तुझ्याच आहेत, तुझ्यासाठीच त्याने कापल्या होत्या.

पण इतकं सगळं खरं लिहिलं म्हणून हेही लिहिते, मला चारही हव्या होत्या.

फेर्नांद